आधी जोड ठरवा, मग घुबड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई फ्लॅटमध्ये राहतात, मातीकामाच्या एक-दोन कार्यशाळा केल्या आहेत, घरी चाक नाही आणि भट्टीही नाही. घुबड, कासव, कोंबडी अशा गमतीदार झाकणाच्या बरण्या हातानं घडवायच्या आहेत. पहिल्या घुबडाचं डोकं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) भाजताना धडाला चिकटून बसलं, दुसऱ्याचं डोकं बसतं पण डुगडुगतं. घरच्या ओव्हनमध्ये भाजता येईल का आणि आत लोणचं ठेवता येईल का, हेही विचारलंय.

ओव्हनचा विषय आधी निकालात काढते. स्वयंपाकघरातला ओव्हन साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी बाहेर पडायलाच ४५० ते ६०० अंश लागतात. ते पडत नाही तोवर भांडं कितीही कडक वाटलं तरी बादलीत टाकलं की त्याचा चिखल होतो. हवेत वाळणारी तयार माती घेऊन, वर रंग आणि वॉर्निश मारून केलेलं कासव शोकेसमध्ये छान दिसेल, पण त्यात खायचं काही ठेवू नका. भट्टी लागणारच. ती तुमच्या मालकीची असायला हवी असं मात्र नाही.

मोठ्या शहरांत भट्टीतली जागा भाड्यानं देणारे स्टुडिओ आहेत. माती विकत घ्यायच्या आधी त्यांना गाठा आणि ग्लेझ कोणत्या कोनला भाजता, एवढं विचारा. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा मातीचा छोटा सुळका. ठरलेलं तापमान आणि वेळ दोन्ही मिळाले की तो वाकतो. १८८६ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान झेगर यांनी ही युक्ती पक्की केली आणि डिजिटल कंट्रोलर आले तरी आम्ही अजून तिच्यावरच विश्वास ठेवतो. विजेच्या भट्टीवाले बरेच जण कोन ६ ला, म्हणजे १२२० ते १२४० अंशांच्या आसपास भाजतात. मग तुमची मातीही कोन ६ ची स्टोनवेअर, म्हणजे एवढ्या तापमानाला पक्की भाजणारी, हवी आणि ग्लेझही कोन ६ चंच. गल्लीतल्या कुंभाराकडून आणलेली लाल माती त्याच्या आव्यात उत्तम निघते, पण १२२० अंशांना ती फुगते, वाकते, कधी अक्षरशः भट्टीतल्या शेल्फवर पसरते. त्या शेल्फचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात. रीतसर शिकायचंच असेल तर बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची जुनी संस्था आहे, तीही लक्षात ठेवा.

आता मूळ दुखणं. चिकटलेलं डोकं आणि डुगडुगणारं डोकं या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे: प्राणी आधी सुचला आणि जोड नंतर आठवला. झाकणाच्या भांड्यात सगळ्यात आधी ठरवायची ती धड आणि झाकण भेटतात ती रेघ. ती कुठून जाणार, कशाखाली लपणार, तिथे ग्लेझ असणार की नसणार, हे कागदावर काढा. गंमत करायची ती त्या रेघेच्या वर किंवा खाली. रेघ स्वतः सपाट, स्वच्छ आणि अगदी कंटाळवाणी हवी.

लंडनच्या साउथॉलमध्ये मार्टिन बंधूंनी १८८० च्या दशकापासून मीठ-ग्लेझच्या (तापलेल्या भट्टीत मीठ टाकून आणलेल्या ग्लेझच्या) स्टोनवेअरमध्ये विचित्र पक्षी केले. तिरकस नजर, जाड चोच, एखाद्या खवट वकिलासारखा चेहरा. हे पक्षी म्हणजे बहुतेक तंबाखूच्या बरण्या आणि डोकं म्हणजे झाकण. त्यांचे फोटो शोधून नीट बघा. जोड मानेवर, पिसांच्या झालरीपाशी आहे. झालर वरून खाली येते आणि तिची सावली फटीवर पडते. डोकं थोडं तिरकं बसलं तरी पक्ष्यानं मान वळवल्यासारखं वाटतं. अनेक पक्ष्यांवर डोक्याच्या काठाला आणि बुडाला, दोन्हीकडे सही कोरलेली आहे. ही सवय आपणही उचलावी: झाकणाच्या आत आणि भांड्याच्या बुडाला एकच आकडा कोरा. एका भट्टीत तुमची पाच घुबडं असली की याचं महत्त्व कळतं.

कासवाला निसर्गानंच जोड दिलाय, पाठीच्या कवचाखाली. म्हणून पहिला प्राणी कासव करा. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये घरोघरी चालणारी कोंबडीची भांडी निघाली तीही अशीच: कोंबडी म्हणजे झाकण, खालची टोपली म्हणजे भांडं आणि जोड टोपलीच्या काठाशी. घुबड त्यामानानं अवघड, कारण डोकं जड आणि मान अरुंद.

चाकाशिवाय झाकण अचूक बसवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे झाकण वेगळं करायचंच नाही. बंद आकार घडवायचा आणि मग तो कापायचा. मातीचे दोन सारखे गोळे घ्या, दोन वाट्या चिमटीनं उचला, भिंत ६ ते ७ मिलिमीटर ठेवा. दोन्ही काठांवर सुईनं आडवेतिडवे ओरखडे काढा, त्याच मातीची लापशी लावा आणि वाट्या तोंडाला तोंड लावून दाबा. सांध्यावर मातीची बारीक दोरी फिरवून अंगठ्यानं सारवून टाका. आत हवा कोंडलेली असते म्हणून हा अंड्यासारखा आकार लाकडी पट्टीनं हवा तसा ठोकता येतो, बसत नाही. घुबडाचं पोट, कासवाची चपटी पाठ हे सगळं याच वेळी काढून घ्यायचं. आकार झाला की सुईनं एक भोक पाडा, नाहीतर माती आकसताना कोंडलेली हवा वाट शोधते आणि ती नेमकी सांध्यातून शोधते.

कापायची वेळ महत्त्वाची. माती अशी हवी की बोटानं दाबली तर ठसा उमटत नाही पण नखाची खूण उमटते. स्टुडिओत याला लेदर हार्ड म्हणतात. आधी पेन्सिलीनं रेघ आखा: वह्यांच्या चळतीवर पेन्सिल आडवी ठेवून, तिचं टोक भांड्याला टेकवून भांडं जागच्या जागी फिरवलं की चौफेर एकाच उंचीची रेघ मिळते. मग पातळ पात्याची सुरी घ्या. सुई नको, ती माती ओढते. पातं आत आणि खाली झुकलेलं, साधारण ४५ अंशात, आणि पूर्ण फेरीत तोच तिरकेपणा. असं कापलं की झाकणाचा काठ खाली निमुळता होतो आणि भांड्याच्या काठात आपोआप मध्यभागी बसतो. तिरकेपणा उलटा झाला तर झाकण घसरतं, मग त्यावर इलाज नाही. मागच्या बाजूला, जिथे लक्ष जात नाही तिथे, रेघेत बोटभर रुंदीचा एक उंचवटा घ्या. तो खाचेत बसला की घुबड दरवेळी समोरच बघणार.

छोट्या भांड्याला एवढं पुरतं. तोंड ७-८ सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा डोकं जड असेल तर कापल्यावर आतून एक पट्टी उभी लावा, सव्वा सेंटिमीटर उंचीची. घुबडात ती धडाला लावते, म्हणजे डोकं टोपीसारखं वरून बसतं आणि झालर फट झाकते. कासवात ती कवचाला लावते, म्हणजे ती खाली भांड्यात उतरते. पट्टी आणि समोरची भिंत यात एक ते दीड मिलिमीटर जागा सोडा. ग्लेझ आणि वाकणं या दोघांना तेवढी लागते. पट्टी बसवताना मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची जाड घडी ठेवली की जागाही राहते आणि माती मातीला चिकटत नाही.

ज्यांना झाकण वेगळंच करायचंय त्यांनी हिशेब लक्षात घ्यावा. स्टोनवेअर ओल्या अवस्थेपासून पक्कं भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आकसतं. दहा सेंटिमीटरचं तोंड ८.८ होतं. धड आज केलं, झाकण चार दिवसांनी जरा ओल्या मातीत केलं आणि त्याचं आकसणं दीड टक्क्यानं जास्त निघालं, तर दीड मिलिमीटरचा फरक पडला. डुगडुगायला तेवढा पुरतो. एकाच पिशवीतली माती, एकाच बैठकीत, एकाच ओलाव्याला: यापलीकडे त्यात गुपित नाही.

आता कान, चोच, शेपटी. जोडायच्या अवयवाची ओल धडाइतकीच हवी. दीड सेंटिमीटरपेक्षा जाड काहीही आतून पोखरून काढा आणि पोकळीला बाहेरपर्यंत टाचणीचं भोक द्या. भट्टीत भांडं 'हवेच्या बुडबुड्यामुळे' फुटतं असं सर्रास सांगतात. फोडतं ते पाणी. जाड भागात ओल राहते, शंभर अंशांपुढे तिची वाफ होते आणि वाफेला निघायला जागा नसते. बुडबुडा असलेली पण कडकडीत वाळलेली भिंत सहसा सुखरूप बाहेर येते. आणि झाकणावर सगळा नखरा एकाच बाजूला नको. पुढे लांब चोच असेल तर मागे तुरा द्या, नाहीतर जोड कितीही नीट असला तरी डोकं पुढे झुकणारच.

वाळवताना झाकण भांड्यावरच ठेवा, मध्ये कागद, वरून सैल प्लास्टिक. उन्हाळ्यात विदर्भात किंवा पुण्यात कान आणि शेपटी आधी वाळतात, धड ओलं राहतं आणि तड नेमकी कानाच्या मुळाशी जाते. अशा टोकांवर वॅक्सचा हात फिरवा, त्यांचं वाळणं मंदावतं. पावसाळ्यात उलट: मुंबई-कोकणात जुलैमध्ये दोन-तीन आठवडेही लागतात. बूड गालाला लावून बघा. गार लागलं की आत पाणी आहे, भट्टीवाल्याकडे नेऊ नका.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण १००० अंशांना होते. इथे ग्लेझ नसतं, त्यामुळे झाकण जागेवर ठेवूनच भाजायला सांगा. आकार मोठा असेल तर ८०-९० अंशांवर काही तास थांबवायची आणि ६०० अंशांपर्यंत सावकाश जायची विनंती करा. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचा आकार एकदम बदलतो, तो टप्पा घाईनं ओलांडला की बारीक तडा जातात.

ग्लेझिंगला घाई करू नका, इथेच बहुतेकांची घुबडं चिकटतात. ग्लेझ म्हणजे वितळून बसलेली काच. जिथे काच काचेला किंवा मातीला टेकलेली असते तिथे गार होताना ती दोघांना वेल्डिंग करून टाकते. म्हणून झाकण आणि भांडं जिथे-जिथे भेटतात ते दोन्ही काठ, आतली पट्टी आणि त्यापुढचे ३ मिलिमीटर, एवढ्या भागावर वॅक्स लावायचं. पाण्यात मिसळलेलं तयार वॅक्स मिळतं, तेच घ्या. मेणबत्ती वितळवण्याच्या भानगडीत घरातल्या गॅसवर पडू नका. काठाला लावायच्या वॅक्समध्ये अर्ध्या वाटीला चमचाभर ॲल्युमिना हायड्रेट ढवळा. वॅक्स जळून जातं, पण ॲल्युमिनाचा पातळ थर मागे राहतो आणि तो १२४० अंशांना वितळत नाही. यानंतर झाकण जागेवर ठेवून ग्लेझ भाजता येतं आणि तसंच भाजावं. भट्टीत माती मऊ पडते. झाकण आणि धड वेगवेगळ्या शेल्फवर ठेवले तर दोघं आपापल्या मर्जीनं वाकतात.

वॅक्सच्या आधी बिस्क ओल्या स्पंजनं पुसा, बोटांचं तेल आणि धूळ ग्लेझला धरू देत नाही. मग आतली बाजू. ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून गाळून घ्या, भांड्यात ओता, भांडं गोल फिरवा आणि तीन-चार सेकंदांत परत ओता. आतलं पूर्ण वाळू द्या, नाहीतर ओली भिंत बाहेरचं ग्लेझ शोषणार नाही. बाहेरून बादलीत बुडवण्याइतकं ग्लेझ घरी कोणाकडे नसतं, तेव्हा ब्रशनं लावायचं तयार ग्लेझ घ्या. तीन हात, एक उभा, एक आडवा, एक तिरका, आणि प्रत्येकामध्ये वाळायला वेळ. खालच्या तिसऱ्या भागात दोनच हात द्या, काच खाली ओघळतेच. बूड ३ मिलिमीटरपर्यंत पुसून कोरडं ठेवा. कासवाचे चारही पाय आणि शेपटी टेकत असेल तर तिचं टोकसुद्धा. शेपटी सगळे विसरतात.

माझं स्पष्ट मत आहे की कोरीव भांड्यावर जाड, अपारदर्शक, रंगीबेरंगी ग्लेझ लावणं म्हणजे मेहनतीवर पांघरूण घालणं. तासन्तास कोरलेली पिसं त्याखाली बुडतात. त्यापेक्षा आयर्न ऑक्साइड पाण्यात पातळ कालवून पूर्ण अंगावर फासा आणि ओल्या स्पंजनं वरवर पुसून घ्या. खोलगट रेघांत काळपट तपकिरी राहतो, उंचवटे मोकळे होतात. वरून पातळसं अर्धपारदर्शक मॅट ग्लेझ पुरे.

घुबडाचे डोळे मात्र वेगळे करा. बाहुलीला काळं अंडरग्लेझ (ग्लेझखाली लावायचा रंग), तिच्या कडेला पांढरा ठिपका आणि फक्त त्या डोळ्याच्या खळग्यात पारदर्शक, चकचकीत ग्लेझचा एक थेंब, ब्रशनं पसरवायचा नाही, नुसता टेकवायचा. भाजल्यावर अख्खा चेहरा मॅट आणि डोळा तेवढा ओला दिसतो. खोलीत कुठूनही बघा, घुबड तुमच्याकडेच बघतंय असं वाटतं. खळगा आधीच किंचित खोल कोरलेला हवा, नाहीतर थेंब गालावरून उतरतो आणि घुबड रडकं होतं. तेही काहींना आवडतं म्हणा.

चिकटलेलं पहिलं घुबड फेकू नका. लाकडी उलथन्याच्या दांड्यानं जोडाच्या रेघेवर चौफेर हलके ठोके देत फिरा, सुरी घालून उचकटू नका. काचेचा एखादा बिंदूच धरून बसला असेल तर 'टक्' आवाज येऊन सुटतं आणि राहिलेला कण डायमंड फाइलनं, पाण्याखाली, चष्मा लावून घासता येतो. पूर्ण रेघभर चिकटलं असेल तर ते आता मूर्ती झालं. डुगडुगणाऱ्याचा काठ घासण्याआधी तपासा: भांड्याच्या काठाला ओला खडू फासा, झाकण ठेवून उचला. जिथे खडू लागला तेवढेच उंच भाग सिलिकॉन कार्बाइडच्या ओल्या कागदानं उतरवा. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसासाठी वाईट असते. याच कारणासाठी वाळलेली माती केरसुणीनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. कोरडं ग्लेझ कालवताना एन ९५ मास्क लावायचा. मातीचे हात बेसिनमध्ये न धुता बादलीत धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता. सोसायटीचा प्लंबर हे तुम्हाला जास्त चांगल्या शब्दांत सांगेल.

लोणच्याचं. आपल्याकडच्या तपकिरी-पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या लोणच्याला चालतात कारण त्यांची माती पक्की भाजलेली असते आणि आतलं ग्लेझ आम्ल आणि मिठाला दाद देत नाही. तुमच्या भांड्याची माती किती पक्की झाली ते घरी मोजता येतं. बिनग्लेझचा एक तुकडा त्याच भट्टीत भाजून घ्या, वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचे २०४ झाले तर शोषण २ टक्के. त्याहून जास्त असेल तर ओलं काहीही ठेवायचं नाही. आतून फक्त खाण्यासाठी म्हणून विकलं जाणारं, शिसं नसलेलं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ लावा आणि ते ठरलेल्या कोनलाच भाजा. तांब्याचं हिरवं ग्लेझ आत नको, आंबट पदार्थात तांबं उतरू शकतं. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून बघा; सकाळी डाग किंवा फिकटपणा दिसला तर ते भांडं बटणांसाठी. मात्र फोडीखालचा रंग बदलला नाही म्हणून शिसं नाही असं सिद्ध होत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर त्यात मसाला आणि तेल मुरतं, तेही लोणच्याला बाद.

आणि एवढं सगळं जमलं तरी प्राण्याचं झाकण हवाबंद नसतं. लोणच्याच्या बरणीला तोंडावर दादरा बांधतात, तसा घुबडाच्या गळ्याला बांधून वर डोकं ठेवता येईल, दिसायलाही वाईट नाही. बिस्किटं आणि चिवडा मात्र पावसाळ्यात सादळणारच. जाडं मीठ, लसूण, सुटे पैसे, शिवणाचे दोरे यांना ही भांडी सर्वांत योग्य.

स्वतःची भट्टी घ्यायचा विचार एवढ्यात नको. छोटी भट्टी १६ अँपिअरच्या स्वतंत्र लाइनवर चालते, मोठीला थ्री फेज लागतो, आणि बिस्कच्या वेळी निघणारा धूर बंद फ्लॅटमध्ये कोंडून चालत नाही. भाड्याच्या भट्टीत बहुतेक ठिकाणी व्यापलेल्या जागेवर पैसे लागतात. उंच घुबड अख्ख्या शेल्फची उंची अडवतं, चपटं कासव मात्र दोन शेल्फांमधल्या कमी उंचीत मावतं. म्हणून पुढच्या भट्टीला दोन-तीन कासवं द्या, प्रत्येकाचा जोड वेगळ्या तऱ्हेनं कापलेला, आणि सोबत ग्लेझ कसं येतं ते बघायला त्याच मातीच्या ग्लेझ लावलेल्या चार-सहा नमुना पट्ट्या. घुबड त्याच्या पुढच्या भट्टीला.